रमाईंचा घरखर्च आणि आपले पंधराशे रुपये

गेल्या वर्षी ७ फेब्रुवारीला माता रमाईंच्या जयंतीसाठी दोडामार्ग तालुक्यातल्या एका वाडीत गेलो होतो. काजूचा हंगाम नुकता सुरू होत होता. तरी बायका कामं आटोपून, पांढऱ्या साड्या नेसून विहारात वेळेवर आल्या होत्या. वंदना झाली. मग बाहेरून आलेले एक वक्ते उभे राहिले. माणूस अभ्यासू आणि चळवळीतला आहे, सुरुवातीला बोललेही चांगले. शेवटी मात्र त्यांची गाडी लाडकी बहीण योजनेवर आली. रमाईंनी गोवऱ्या थापून संसार केला, आणि आजच्या आपल्या बाया सरकारचे पंधराशे हातात पडले की बाजार गाठतात, साड्या घेतात, मोबाईलचा रिचार्ज मारतात, असा त्यांचा सूर होता. समोरच्या बायका खाली मान घालून ऐकत होत्या. दोघी-तिघींनी नव्या साडीचा पदर उगाच सारखा केला. पुरुषांनी टाळ्या वाजवल्या.

भाषणानंतर जेवण झालं. मग महिला मंडळाच्या खजिनदार बाईंनी वही काढून जमाखर्च वाचला. मंडप, हार, तांदूळ, डाळ, वक्त्यांचा प्रवासखर्च. जमेच्या बाजूला प्रत्येकीचे शंभर रुपये होते, आणि बहुतेकींनी ते त्याच महिन्याच्या पंधराशेतून दिले होते. वक्ते तोपर्यंत निघून गेले होते.

तेव्हापासून मनात आहे की रमाईंचं आयुष्य पैशाच्या बाजूने एकदा नीट सांगावं. घरात पैसा कुठून आला, किती आला, कुणी दिला, कुणी खर्च केला. आपण रमाईंचं नाव घेतो ते बहुतेक वेळा आजच्या बाईला गप्प बसवण्यासाठी. त्या नावाचा असा वापर करावा, असं त्यांच्या आयुष्यात मला तरी काही सापडलेलं नाही.

रमाई कोकणातल्या. दापोलीजवळचं वणंद हे त्यांचं गाव. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हाच नव्हता, तो १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झाला. दोडामार्गचा भाग सावंतवाडी संस्थानात होता. पण समुद्र एकच आणि गरिबीची तऱ्हाही एकच. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरावर माशांच्या टोपल्या वाहायचे. बंदरातून बाजारापर्यंत डोक्यावर ओझं, आणि जेवढी टोपली तेवढीच मजुरी. छातीचं दुखणं होतं, तरी टोपली सुटत नव्हती, कारण आजारपणाचा पगार देणारं तेव्हा कुणी नव्हतं. ७ फेब्रुवारी १८९८ ही रमाईंची जन्मतारीख आपण मानतो. आई रुक्मिणी लवकर गेली, मागोमाग वडील गेले. धाकटा भाऊ शंकर आणि बहिणी यांच्यासह ही पोरकी मुलं काका आणि मामांबरोबर मुंबईला आली, भायखळा बाजाराजवळच्या चाळीत.

अनाथ मुलांना आज संजय गांधी निराधार योजनेतून पैसे मिळू शकतात. तेव्हा नातलग हीच एक योजना होती. चाळीतल्या त्या खोलीत आधीच किती तोंडं होती आणि ही मुलं आल्यावर कुणाचं ताट लहान झालं, याची नोंद कुठे नाही. पण ज्यांनी ओझं उचललं ते स्वतः हातावर पोट असणारे होते. आपल्या समाजातली पहिली समाजकल्याण व्यवस्था हीच. ती कुणी सरकारदरबारी मोजली नाही.

लग्न भायखळ्याच्या मासळी बाजारात झालं. रात्री बाजार बंद झाल्यावर, उघड्या छपराखाली. दगडी ओटे हीच बसायची जागा, खालून गटाराचं पाणी. पहाटे कोळणी यायच्या आत सगळं उरकायचं होतं. नवरी नऊ वर्षांच्या आसपास, नवरा शाळेतला मुलगा. मंडपाचं भाडं वाचलं एवढा हिशोब त्या लग्नात दिसतो.

सासर सुभेदार रामजी सकपाळांचं. घर परळच्या चाळीत. घरातला ठरलेला पैसा म्हणजे सुभेदारांची लष्करी पेन्शन. सरकारकडून दर महिन्याला येणारी रक्कम, म्हणजे आजच्या भाषेत लाभ. या पेन्शनीचं सुभेदारांनी काय केलं, ते पाहण्यासारखं आहे. भिवाला पुस्तक हवं असलं आणि हातात पैसे नसले की ते लेकीकडे जात. लग्नात तिला घातलेला एखादा दागिना मागून घेत, मारवाड्याकडे गहाण ठेवत, पुस्तक आणत. पेन्शन आली की दागिना सोडवून लेकीला परत. पुढल्या महिन्यात पुन्हा तेच. चाळीतल्या शेजाऱ्यांना हे कसं दिसलं असेल? घरात खायला पुरत नाही आणि म्हातारा लेकीचा दागिना मोडून पोराला पुस्तकं आणतो. आजचा एखादा तपासनीस त्या घरात शिरला असता तर त्याने पेन्शनीचा गैरवापर अशी नोंद नक्की केली असती. रमाई त्या घरात वाढल्या. पैसा कमी असताना तो कशावर जातो, हे त्यांनी लहानपणापासून सासऱ्यांच्या हातून पाहिलं.

मग घरात दुसरा लाभ आला, बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींच्या खटपटीने सयाजीराव गायकवाडांनी भीमरावांना कॉलेजच्या शिक्षणासाठी महिन्याला २५ रुपये दिले. १९१२ मध्ये बी.ए.ची परीक्षा झाली आणि डिसेंबरात यशवंताचा जन्म. १९१३ च्या २ फेब्रुवारीला सुभेदार वारले, म्हणजे पेन्शन थांबली. त्याच वर्षी ४ जूनला बडोदा संस्थानाशी करार झाला. अमेरिकेतल्या शिक्षणासाठी तीन वर्षं, महिन्याला साडेअकरा पौंड, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी.

न्यूयॉर्कमध्ये भीमरावांनी त्या पैशाचं काय केलं, हे आपल्या पोराबाळांना पाठ आहे. एक वेळचं जेवण टाळायचं आणि जुन्या पुस्तकांची दुकानं धुंडाळायची. सुमारे दोन हजार पुस्तकं त्यांनी तिथे जमवली. आपण हे अभिमानाने सांगतो आणि सांगितलंच पाहिजे. पण त्याच महिन्यांत परळच्या चाळीत काय चाललं होतं? शिष्यवृत्तीतून वाचवून जे घरी येई ते पुरत नव्हतं. जाऊबाई, दीर, पोरं, सगळ्यांचा एकच संसार. याच काळात रमाईंनी शेण गोळा करून गोवऱ्या थापल्या आणि विकल्या, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. विलायतेला गेलेल्या माणसाची बायको शेण वेचते, ही लाज लोक काढतील म्हणून वेळ अंधाराची निवडली जाई, असंही सांगतात.

या ठिकाणी जरा थांबायला हवं. समजा, तेव्हा कुणी बडोद्याला कळवलं असतं की तुमचा शिष्यवृत्तीधारक घरी बायकोपोरं अर्धपोटी असताना अमेरिकेत जुनी पुस्तकं विकत घेतो आहे. किंवा उलट कळवलं असतं की शिक्षणासाठी दिलेल्या पैशातून तो घरी पैसे पाठवतो आहे. दोन्ही तक्रारी खऱ्या ठरल्या असत्या. गरिबाला मिळालेला पैसा कसाही खर्च झाला तरी त्यात खोट काढता येते. पुस्तकं घेतली तर पोरं उपाशी, पोरांना दिले तर शिक्षणाचे पैसे खाल्ले. त्या घरात कशाला आधी आणि कशाला नंतर, हे फक्त त्या घरातल्या दोघांना ठाऊक होतं, आणि त्यातली एक नवऱ्यापासून हजारो मैल दूर, चुलीपाशी बसलेली होती.

शिष्यवृत्ती संपली. लंडनचा अभ्यास अर्धा टाकून १९१७ च्या ऑगस्टमध्ये भीमराव परतले. पुस्तकांची बोट महायुद्धात पाणतीराने बुडाली होती. बुडालेल्या सामानाची जी भरपाई मिळाली, तिच्यातले काही पैसे घरी देऊन ते करार पाळायला बडोद्याला गेले. पुढचं सर्वांना माहीत आहे. राहायला जागा मिळेना, पारशी वसतिगृहात खोटं नाव सांगून राहावं लागलं, अकरा दिवसांनी काठ्या घेऊन लोक दारात आले. उच्च शिक्षण घेतलेला माणूस कमाठी बागेतल्या झाडाखाली बसून रडला. नोकरी सुटली. करार मोडला म्हणून पैशाचा तगादाही मागे लागला. लाभ देणाऱ्याने अट घातली, आणि अट पाळायला समाजाने जागा ठेवली नाही. शिष्यवृत्ती घेतली पण सेवा केली नाही, असं म्हणणारे तेव्हाही असतीलच.

१९१८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, पगार ४५० रुपये. चाळीत तो पगार म्हणजे श्रीमंती. पण ती श्रीमंती घरात आलीच नाही. लंडनचं शिक्षण पुरं करायचं होतं, म्हणून घरखर्चाला ठरलेली रक्कम रमाईंच्या हातात आणि बाकीची शिल्लक. पहिल्यांदाच या घरात महिन्याला ठरावीक रक्कम बाईच्या हाती येऊ लागली. तिच्यात रमाईंनी माणसं सांभाळली, आलेगेले सांभाळले. पगार वाढला म्हणून राहणी बदलली नाही. ही काटकसर खरी, आणि तिचं कौतुक केलंच पाहिजे. फक्त ती कुणी वरून लादलेली नव्हती, हे विसरता येत नाही. नवरा-बायकोने मिळून एक मोठं काम डोळ्यांसमोर ठेवलं होतं आणि पोटाला चिमटा त्यासाठी होता. ज्या बाईपुढे असं काही काम नाही, फक्त महिना ढकलायचा आहे, तिने तसाच चिमटा का काढावा?

१९२० च्या जुलैमध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले. शिल्लक होती, शाहू महाराजांची मदत होती, नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं कर्ज होतं. तिकडे पावाच्या तुकड्यावर दिवस आणि इकडे परळला तीच ओढाताण. मुलं आजारी पडत. घरचे पैसे संपल्याचं कळल्यावर बाबासाहेबांनी लंडनहून कळवलं की पाठवायला माझ्याकडे काही नाही, अंगावरचं मोडून घर चालव, मी आल्यावर करून देईन. पत्रातला सूर कठोर नाही, हतबल आहे. दागिना मोडायचा आणि पुस्तकं वाचायची हा सुभेदारांच्याच घरचा रिवाज, एवढंच की आता मोडणारी लेक नव्हती, सून होती.

पाच मुलांपैकी चार गेली. गंगाधर, रमेश, इंदू आणि शेवटी १९२६ च्या जुलैमध्ये लाडका राजरत्न. एकटा यशवंत वाचला, तोही प्रकृतीने नाजूक. राजरत्नाच्या जाण्यानंतर त्या घरातलं हसणं संपलं, असं बाबासाहेबांनीच एका मित्राला कळवलं होतं. कुठल्या मुलाला वेळेवर दवाखाना मिळाला असता तर ते वाचलं असतं, हे आज कुणी सांगू शकत नाही. १९२८ मध्ये बाबासाहेब मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. गिरणीत काम करणाऱ्या बाईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळाली पाहिजे आणि त्या दिवसांचे पैसेही मिळाले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. १९२९ मध्ये कायदा झाला. मुलं मेलेल्या घरातून उठून तो माणूस सभागृहात गेला होता. बाई त्या पैशाचं काय करील, याची चौकशी त्यांनी अटीत घालायला सांगितली नाही.

आता त्या दोन खर्चांविषयी, जे रमाईंच्या आयुष्यातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. पहिला झालाच नाही. रमाई धार्मिक वृत्तीच्या होत्या आणि त्यांना एकदा पंढरपूरला जायचं होतं. कोकणातल्या, मुंबईतल्या कितीतरी कष्टकरी बायांची हीच एक इच्छा असे. बाबासाहेबांनी नकार दिला. जिथे आपल्याला देवळाबाहेर उभं राहून दर्शन घ्यावं लागतं तिथे कशाला जायचं, आपण आपलीच नवी पंढरी उभी करू, असं त्यांचं म्हणणं होतं. विचाराने ते बरोबरच होते आणि १९५६ ला ती पंढरी नागपुरात उभी राहिली. पण ते बघायला रमाई नव्हत्या. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी पै-पै वाचवणाऱ्या बाईने स्वतःसाठी एवढी एकच गोष्ट मागितली होती. बौद्ध म्हणून मी त्या यात्रेच्या बाजूचा नाही. तरीही त्या मागण्याला उधळपट्टी म्हणायला माझी जीभ वळत नाही.

दुसरी गोष्ट साडीची. बाबासाहेबांच्या सत्काराला जायचं होतं आणि नेसायला धड लुगडं नव्हतं. तेव्हा शाहू महाराजांनी बाबासाहेबांना दिलेला भरजरी फेटा रमाईंनी साडीसारखा नेसला आणि त्या सभेला गेल्या, अशी आठवण आपल्या घराघरांत सांगतात. ही आठवण सांगताना आपण दारिद्र्याकडे बोट दाखवतो. मला त्यात दुसरंही काही दिसतं. फाटकं नेसून मागच्या रांगेत बसता आलं असतं, घरी राहता आलं असतं. त्या जरीचं नेसून पुढे गेल्या.

जरीचं महत्त्व कळायला बाबासाहेबांचं जातिनिर्मूलनावरचं १९३६ चं पुस्तक उघडावं. त्यात त्यांनी इंदूर भागातल्या बलाई या अस्पृश्य जातीची हकीकत दिली आहे. १९२८ मध्ये तिथल्या सवर्णांनी बलायांना हुकूम काढले. जरीकाठी फेटे बांधायचे नाहीत, रंगीत काठाची धोतरं नेसायची नाहीत, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत, भारी घागरे-पोलकी घालायची नाहीत. न ऐकणाऱ्यांना विहिरीचं पाणी तोडलं. पैसा बलायांचा, घामाचा, कुणी दान दिलेला नव्हे. तरी तो कशावर खर्च करायचा ते गाव ठरवणार. त्याच पुस्तकात राजस्थानातल्या चकवाड्याची गोष्ट आहे. यात्रेहून आलेल्या एका अस्पृश्याने भावकीला जेवण घातलं आणि पानात तूप वाढलं. जेवणारे हात धुवायच्या आत लाठ्या घेतलेले लोक आले आणि पंगत उधळली. तूप त्याच्याच पैशाचं होतं. गुन्हा एवढाच की ते अस्पृश्याच्या पानात पडलं. आणि गुजरातेत धातूच्या घागरी घेऊन पाणी भरणाऱ्या बायांना मार बसला, कारण मातीचं मडकं हीच त्यांची पायरी.

पंधराशे रुपयांत साडी घेतली, रिचार्ज मारला, हॉटेलात पोराला आइस्क्रीम दिलं, यावर नाक मुरडणारा प्रत्येक माणूस जातीयवादी असतो असं मी म्हणत नाही. विहारात बोलणारे ते वक्ते तर आपलेच होते. पण वाक्याची घडण जुनी आहे. गरिबाने, त्यातही बाईने, पोटापुरतं खावं, अंगापुरतं नेसावं आणि त्याहून एक दोरा जास्त दिसला तर हिशोब द्यावा. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या बायांना उलट सांगितलं होतं. अस्पृश्यपण ओळखू येईल अशी नेसण्याची पद्धत आणि जडशीळ दागिने टाका, नीटनेटक्या राहा, लुगडं पायापर्यंत नेसा. चांगलं नेसणं हा आपल्याकडे चळवळीचा कार्यक्रम होता. तो कधी चैनीत जमा झाला, कळलंच नाही.

धारवाडच्या बांगड्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय रमाईंचं चरित्र पुरं होत नाही. बाबासाहेबांनी मुलांसाठी वसतिगृहं काढली, पहिलं १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला. पुढे सरकारी अनुदानावर आणखी सुरू झाली, त्यातलं एक धारवाडला, बळवंतराव वराळे यांच्या देखरेखीखाली. रमाई हवापालटासाठी तिथे गेल्या असताना अंगणात खेळणारी मुलं एकदम दिसेनाशी झाली. विचारल्यावर कळलं की अनुदान वेळेवर आलेलं नाही, कोठीत धान्य नाही, आणखी काही दिवस असेच जाणार. रमाईंनी हातातल्या सोन्याच्या बांगड्या आणि दागिन्यांचा डबा वराळ्यांच्या पुढे ठेवला. मुलं जेवली. गोष्टीचे तपशील सांगणाऱ्यागणिक थोडे बदलतात, पण गाभा एकच आहे.

ही गोष्ट आपण दानशूरपणाची म्हणून सांगतो. मी ती उशिरा आलेल्या अनुदानाची म्हणूनही सांगतो. शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाचा निर्वाहभत्ता रखडण्याची बातमी आजही दरवर्षी येते. आपल्या मुलांची फी अडकते, कॉलेज निकाल अडवून धरतं, आणि गावाकडे एखादी आई मंगळसूत्राचे मणी मोडते. तिच्यावर लेख लिहिला जात नाही. मे २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१०.३० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५.७० कोटी रुपये वळवले गेले. सामाजिक न्याय मंत्र्यांनीच त्यावर जाहीर नाराजी दाखवली होती. आमच्या तरुणांनी हिशोब मागायचा तर इथे मागावा. अनुसूचित जातींसाठीचा निधी अनुसूचित जातींवरच का खर्च होत नाही, हा प्रश्न मंत्रालयाला विचारायचा आहे. तो विहारात बसलेल्या बाईला विचारून काय होणार? तिने ४१० कोटी वळवलेले नाहीत. तिच्या खात्यात पंधराशे आले, आणि तेही शेतकरी सन्मानाचे पैसे मिळत असतील तर फक्त पाचशे.

गरिबाच्या हातात रोख पैसा दिला की तो दारूत जातो, ही समजूत किती खरी हे जगभर तपासून झालं आहे. जागतिक बँकेच्या डेव्हिड इव्हान्स आणि अॅना पोपोवा यांनी २०१४ मध्ये वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र पाहिले. रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो असं त्यांना आढळलं नाही, सरासरीने तो किंचित घटलेलाच दिसला. आपल्या शेजारी मध्य प्रदेशात ‘सेवा’ संघटनेने २०११-१२ मध्ये काही गावांत सर्वांना विनाअट दरमहा रक्कम देऊन पाहिली. तिथे खाणं सुधारलं, मुलांची शाळा सुधारली, लोकांनी शेळ्या आणि बी-बियाणं घेतलं. योजना निवडणुकीच्या तोंडावर आणल्या जातात, हे खरंच आहे. मते मिळाल्यावर पडताळणी सुरू होते, हेही आपण पाहिलं. पण देणाऱ्याच्या हेतूबद्दलचा राग घेणारीवर काढणं हे लबाड काम आहे.

दोडामार्गच्या माणसाला हे खरं तर सांगावं लागू नये. चेकनाका ओलांडला की गोव्यात बायांना गृह आधार योजनेचे पैसे २०१२ पासून मिळत आहेत. आमचे पोरगे तिथल्या कारखान्यांत, बाया तिथल्या घरांत राबतात. २०१८ मध्ये गोव्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात बाहेरच्या रुग्णांना शुल्क लागलं तेव्हा अख्खा तालुका रस्त्यावर उतरला होता. आपण त्या मदतीला पात्र आहोत की नाही हे दुसऱ्याने ठरवलं की कसं लागतं, ते या तालुक्याने भोगलं आहे. त्या वाडीतल्या बायांशी नंतर बोललो तेव्हा पंधराशेचे रस्ते कळले. बचतगटाचा हप्ता, पोरीचा एसटीचा पास, सासूच्या डोळ्यांचे थेंब, गॅस, आणि हो, साडी. एकीने सांगितलं की लग्न होऊन बावीस वर्षं झाली, नवऱ्याला न विचारता घेतलेली ही पहिली साडी. तिला मी काय उपदेश करणार होतो?

रमाईंना शेवटची एक-दोन वर्षं दादरच्या हिंदू कॉलनीतल्या ‘राजगृहा’त मिळाली. परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांतून तिथे जाईपर्यंत प्रकृती पार ढासळली होती. घर मोठं होतं, त्यातली बरीच जागा पुस्तकांना. गोलमेज परिषदा, नाशिकचा सत्याग्रह या धामधुमीत बाबासाहेबांना घर कमी मिळालं आणि रमाईंना बाबासाहेब कमी मिळाले. १९२८ मध्ये मुंबईत आपल्या स्त्रियांचं मंडळ निघालं तेव्हा रमाई त्याच्या अध्यक्ष होत्या, हे फारसं सांगितलं जात नाही. आपल्याला चुलीपुढच्या रमाईच ओळखीच्या आहेत.

२७ मे १९३५ ला राजगृहात त्यांचं निधन झालं. अंत्ययात्रेला हजारो माणसं होती, बहुतेक गिरण्यांतली आणि चाळींतली. बाबासाहेब कितीतरी दिवस कुणाशी धड बोलले नाहीत, डोकं भादरून भगव्या वस्त्रांत बसून राहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये येवल्याची घोषणा झाली. १९४० मध्ये पाकिस्तानवरचं पुस्तक आलं ते त्यांनी रमूला अर्पण केलं. अर्पणपत्रिकेत तिच्या मनाचा चांगुलपणा आहे, शील आहे, कुणी मित्र नसलेल्या ओढगस्तीच्या दिवसांत बरोबरीने सोसण्याची तयारी आहे.

या ७ फेब्रुवारीला त्या वाडीने पुन्हा बोलावलं आहे. हप्ता थांबलेल्या सात-आठ जणी आहेत, त्यातल्या दोन विधवा. त्यांचे कागद सकाळीच बघायचे ठरले आहे, कार्यक्रम दुपारी तीनला.